एका शब्दाची जागा

साहेब वाचता वाचता अडखळले.

निरोपसमारंभ दयारामभाऊंचा होता. आमच्या कचेरीतले टंकलेखक, एकतीस वर्षं अमडापूरहून एसटीनं ये-जा केली. शेजारी त्यांची बायको, धम्मशीलावहिनी, नवी साडी नेसून बसलेली. निवृत्त होणाऱ्याला इंग्रजीत पत्र देतात, ते दयारामभाऊच टाइप करत. मजकूर ठरलेला: अमुक यांनी ‘झील’ने सेवा केली. मी शिपाई, मला काय कळणार? एकदा विचारलंच.

“भाऊ, हे झील काय असते?”

“कोनी सांगतल्याबिगर, आतून ओढ लागून काम करनं, बेबीताई. आपला ड्रायव्हर गोविंदा पुरात लस घेऊन पायी गेला का नाही? ते झील.”

“अन् महादेवराव? ते तं टेबलावर घोरत.”

“त्यायलेबी लिवलं. जाता जाता कोनाचं मन काऊन मोडा?”

असा हा माणूस. आणि त्याचं स्वतःचं पत्रही त्यालाच टाइप करायला लावलं, मेल्या कचेरीची रीतच तशी. साहेबांनी न वाचता सही ठोकली होती. आता वाचताना मध्येच कोरी जागा आली. साहेबांनी ती सरळ ओलांडली, पुढचं वाचलं, टाळ्या पडल्या.

मला राहवलं नाही. “साहेब, तिथला शब्द राह्यला.”

“प्रिंट उडाली असेल, बाई.”

“उडाली नाही, साहेब.” दयारामभाऊ उठले. “मीच जागा सोडली. बाकीच्यायले मी लिवून देल्ला. आपल्यासाठी आपनच कसा लिवाव? म्हटलं, सही करताना तुमी भरसान.”

मी तर पुरती हादरले. रजा मागतानाही ज्यानं कधी मान वर केली नाही, तो माणूस बोलत होता. साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी घाईघाईनं पेन काढलं.

“कोणता शब्द? सांगा ना, आत्ता लिहितो.”

माझ्या अगदी ओठांवर आला होता, पण भाऊंनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

“राहू द्या, साहेब. जयभीम.”

त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली, वहिनींच्या हातातली पिशवी घेतली.

“चाल वं,” म्हणाले. “पाचची गाडी भेटन.”