तळ्याला वळसा

सारजाबाईनं खरवसाचं भांडं फडक्यात बांधलं, पदर खोचला आणि उंबऱ्याबाहेर पडता पडता नवऱ्याला म्हणाली, "जरा पाणी बघून येते."

भिमाजी ओट्यावर दोर वळत बसला होता. समोर अख्खं तळं पसरलेलं. "हितनं दिसंना व्हय?"

"सगळं न्हाई दिसत."

"बरं. आन पाण्याला खरवस लागतो का?"

सारजाबाई तशीच वाटेला लागली.

घोडेगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत, दुष्काळाच्या साली मातीचा बांध घालायला घेतला होता. यंदाच्या पावसात तळं पहिल्यांदा काठोकाठ भरलं. आधी तिथं नुसता ओढा होता. ओढ्याच्या अल्याड सारजाबाईची वाडी, पल्याड तिच्या धाकट्या बहिणीची, कुशाबाईची. चुलीवर कालवण ठेवून पलीकडं जाऊन यावं एवढंच अंतर. आता मात्र तळ्याला वळसा घालायचा. एक वाट बांधावरनं, दुसरी डोंगराच्या पायथ्यानं.

सारजाबाईला तो वळसा घालायची वेळच आली नव्हती, कारण बहिणी बोलत नव्हत्या. वैशाखात कुशाबाईच्या लेकीचं, भागूचं, लग्न झालं. भर पंगतीत, व्याह्यांच्या देखत, सारजाबाई म्हणाली की आमटीत मीठ जरा जास्त पडलंय. कुशाबाई म्हणाली, "चूल फुकाया कोण आलं न्हाई, चाखाया आले." झालं. तेव्हापासून दोघींची दारं एकमेकींना बंद. पण परवा म्हैस व्याली आणि सारजाबाईचा जीव थाऱ्यावर राहिना. लहानपणी खरवस झाला की पहिली वडी कुशीच्या हातावर पडेपर्यंत ती घर डोक्यावर घ्यायची.

बांधावरनं वाट सपाट होती. उतारावर सोनकी पिवळीधमक फुलली होती. काय बोलायचं ते सारजाबाई मनाशी घोळवत चालली. आधी खरवस पुढं करायचा, मग बघू. माफी काही मागायची नाही. मीठ खरंच जास्त होतं.

कुशाबाईच्या अंगणात तिचा नवरा कुंडलिक शेंगा वाळत घालत होता. मेव्हणीला बघून तो गालातल्या गालात हसायला लागला.

"हसाया काय झालं, दाजी?"

"काय न्हाई. कुशा तुमच्याकडंच गेलीया. डोंगराकडनं."

"माझ्याकडं? कशाला?"

"पाणी बघाया, म्हणली."

सारजाबाईनं भांडं खाली ठेवलंच नाही. "बसा की, च्या टाकतो," असं कुंडलिक म्हणेस्तोवर ती डोंगराच्या वाटेला लागलीसुद्धा. वाटेत गाठू, असा तिचा हिशेब. तिकडं झालं असं, की कुशाबाई सारजाबाईच्या दारात पोचली. भिमाजीनं तिला सांगितलं, "सारजा बांधावरनं तुझ्याकडंच गेली," आणि ती बांधाकडं वळली.

डोंगराकडची वाट चढउताराची. ओढा तळ्याला मिळत होता तिथल्या दगडावर सारजाबाई दम खायला थांबली आणि तिनं सहज समोर पाहिलं. पाण्यापलीकडं, बांधावरनं, हिरवं लुगडं नेसलेली एक बाई तरातरा चालली होती. डावा हात असा झुलवत चालणारी बाई पंचक्रोशीत एकच होती.

"कुशे!"

पाण्यावरनं आवाज स्वच्छ गेला. हिरवं लुगडं थांबलं.

"तू तिथं काय करतीस?" कुशाबाईनं विचारलं. पाच महिन्यांनी कानावर पडलेलं ते पहिलं वाक्य.

"तुलाच हुडकतीय. थांब तिथंच, मी येते."

"तूच थांब. मी येते."

सारजाबाई थांबली. कुशाबाईही थांबली. मग दुसरीही थांबलीय हे दोघींच्या ध्यानात आलं आणि दोघी एकदमच निघाल्या. खाली आपल्या ओट्यावरनं भिमाजी हे सगळं बघत होता. त्याला राहवेना. तो हात तोंडाशी धरून ओरडला, "अगं, एकीनं तरी बसा. न्हाईतर दिवाळीपतुर फिराल गोल गोल."

आजवर सारजाबाई कुणासाठी थांबलेली नव्हती. धाकटीसाठी तर नाहीच. पण समोरची हिरवी आकृती माघारी फिरून तिच्याकडं निघालेली बघितली आणि तिनं दगडावर बैठक मारली. पाण्यात पाय सोडले. पाणी गार होतं. वाट बघणं तिला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही.

कुशाबाई घामाघूम होऊन आली. बहिणीला बसलेली बघून म्हणाली, "बसलीस व्हय खरंच?"

"पाय दुखले म्हणून बसले."

"तर तर." कुशाबाई शेजारी टेकली. मग हळूच म्हणाली, "अक्का, मीठ दोनदा पडलं व्हतं गं. मी पण टाकलं आन जावंनं पण."

"मी ते तुझ्या कानात सांगाया पायजे व्हतं," सारजाबाई म्हणाली आणि फडक्याची गाठ सोडायला लागली. खरवस चालून चालून पार मोडला होता. दोघींनी तो बोटांनीच खाल्ला.

"मी कशाला निघाले व्हते माहितीय?" कुशाबाईचा आवाज बदलला. "महाळुंग्यास्नं, भागूच्या सासरनं, सांगावा आलाय. भागूला दिवस गेल्यात. काय खाल्लेलं पोटात ठरत न्हाई. मावशीला धाडा, म्हणली. आयला नगं, मावशीला."

सारजाबाईनं तोंड पाण्याकडं फिरवलं. "दाजींनी सांगितलं न्हाई ते."

"मीच नगं म्हणलं. मला सांगायचं व्हतं."

उद्या महाळुंग्याला जायचं ठरलं. दोघींनी मिळून. त्यासाठी कुशाबाई सारजाबाईकडंच मुक्कामाला राहिली, कारण महाळुंग्याच्या वाटेवरचं घोडेगाव तिथनं जवळ. दिवेलागणीला पल्याडच्या वाडीतनं कुंडलिकची हाक पाण्यावरनं आली.

"कुशे, भाताला पाणी किती घालू?"

"दोन तांबे," कुशाबाई ओरडली.

"दीडच घाला, दाजी," सारजाबाई तिच्याहून मोठ्यानं ओरडली, "दोनानं पिठलं हुईल."

"माझ्या घरचे तांदूळ मला माहीत."

"माहितीयेत की. खाल्ल्यात आमी."

दोघींची जुंपली. भिमाजीनं दोराचा पिळा बाजूला ठेवला, ओट्याच्या कडेला उभा राहिला आणि साडूला ओरडून सांगितलं, "कुंडलिकराव, शेंगा खा आन झोपा."