तीन नंबर रिकामा बसलेला नाही

मी तीन नंबरचा कोर बोलतोय. कॉम्प्युटरच्या नखाएवढ्या एका चिपवर आम्ही चार कोर, म्हणजे आकडेमोड करणारे चार भाऊ, राहतो. आमच्यात मोजणी शून्यापासून होते, म्हणून चौथा असूनही मी तीन नंबर. घरातलं शेंडेफळ. पण आज या फर्निचरच्या कारखान्यात माझ्याइतका मान दुसऱ्या कोणत्याही कोरला नाही, हे मीच सांगतो. खोटा विनय मला जमत नाही.

सुरुवातीला मात्र मी पडेल ते काम करायचो. प्रोग्रॅमच्या कामाचे धागे असतात, त्यांना थ्रेड म्हणतात. ते वाटायला आमच्या कॉम्प्युटरमध्ये एक मुकादम आहे. जो भाऊ मोकळा दिसेल, त्याच्या गळ्यात तो हातातला थ्रेड मारतो. फळ्यांची मोजणी हातात घ्यावी, तर लगेच हुकूम, "ते राहू दे, आधी स्क्रीनवरचं घड्याळ पुढे सरकव." एक काम धड शेवटाला जात नव्हतं.

मग मालकांनी चकतीच्या मोठ्या करवतीवर कॅमेरा बसवला. ही करवत चालवतात ते मिस्त्री. तीस वर्षं झाली त्यांना. डाव्या करंगळीचं एक पेर मागच्या करवतीने नेलंय. कॅमेऱ्याचा प्रोग्रॅम लिहिला त्यांच्याच मुलीने. बोट चकतीजवळ आलं, की डोळ्याचं पातं लवायच्या आत चकती थांबली पाहिजे. असलं काम मुकादमाच्या मर्जीवर सोडून कसं चालेल? तिने तो थ्रेड माझ्याशी बांधून टाकला. हे काम करायचं ते तीन नंबरनेच. माझी छाती फुगली.

चाचणीसाठी बापलेकीने चामड्याच्या हातमोज्यात भुसा भरला आणि तो चकतीकडे सरकवला. नऊ वेळा मी चकती वेळेवर थांबवली. दहाव्या वेळी मोज्याची तीन बोटं उडाली.

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. "बाबा, काम तीन नंबरलाच बांधलंय. मग उशीर का झाला?"

मला कारण ठाऊक होतं, पण सांगणार कसं? ऐन वेळी मुकादमाने मालकांच्या हिशेबाचा तक्ता माझ्यापुढे टाकला होता आणि मी त्याच्या रेघा ओढत बसलो होतो.

मिस्त्री अंगावरचा भुसा झाडत म्हणाले, "ते काम त्याला दिलंस, बरोबर. पण त्याच्याकडे दुसरं काही नेऊ नका, हे बाकीच्यांना सांगितलंस का? मीही करवतीवरच असतो. तरी जो तो येतो आणि म्हणतो, मिस्त्री, एवढं जरा धरा."

मुलीने कपाळावर हात मारला. थ्रेड बांधायचा आणि कोरचं दार सताड उघडं ठेवायचं, ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची जुनीच चूक. तिने मुकादमाला माझ्या दारात यायची बंदी केली आणि बाकीची कामं तिघा भावांत वाटली. मग नवा हातमोजा दोनशे वेळा गेला आणि दोनशे वेळा शाबूत परत आला.

भाऊ कुरकुरले, ते चालायचंच. पण एका सकाळी मालक स्क्रीनसमोर थबकले. "हा तीन नंबर नव्वद टक्के वेळ रिकामा? म्हणजे बसून खातोय की. उद्यापासून हिशेबाचे तक्ते याच्याकडे दे."

"तो रिकामा नाही, पहाऱ्यावर आहे," मुलगी म्हणाली.

"मालक मी आहे की तू?"

 मला भीती वाटली. स्वतःसाठी नव्हे, मिस्त्रींसाठी.

त्याच दुपारी एका फळीत गाठ निघाली. फळी उसळली आणि मिस्त्रींचा उजवा हात सरळ चकतीकडे गेला. माझ्यापुढे तेव्हा दुसरं काहीही नव्हतं. मी पाहिलं आणि चकती थांबवली. अंगठ्याच्या नखावर तेवढी एक रेघ उमटली. मिस्त्रींनी अंगठा उजेडात धरून पाहिला. मुलीने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मालक धावत आले, त्यांनी ते नख पाहिलं. "तक्ते उशिरा आले तरी चालतील," एवढंच ते म्हणाले.

मला अभिमान वाटतो. का वाटू नये? दिवसभर वाट बघायची आणि वेळ आली की चुकायचं नाही, हे काम भल्याभल्यांना जमत नाही. तुमच्याकडे कोणी गप्प बसलेलं दिसलं, तर लगेच काहीतरी त्याच्या माथी मारू नका. आधी विचारा, बाबा रे, तू कशावर लक्ष ठेवून आहेस?

मिस्त्रींनी नवी फळी घेतली आणि करवत सुरू केली. आता मी बोलणार नाही.