दारावरची फुली

शिंपीण सकाळपासून सासूला धुवट कपडे घालून उंबऱ्याशी बसली होती. गल्लीच्या मागेच कारखान्याची क्लोरीनची टाकी, आणि म्हातारीचे पाय केव्हाचेच गेलेले. आज लष्कर गॅसगळतीचा सराव करणार, अंथरुणावरच्यांना स्ट्रेचरवरून नेणार, असं भोंग्यावरून सांगून गेले होते. ते स्ट्रेचर एकदा डोळ्यांनी पाहिलं की तिच्या जिवाला घोर राहणार नव्हता.

सायरन वाजला. मुखवटे चढवलेले जवान गाडीतून आले आणि कोपऱ्यावरच अडकले. गाडी गल्लीत शिरेना! महिनाभर नकाशे पसरून बसले होते म्हणे, पण गल्लीची रुंदी मोजायचं एकाला सुचलं असेल तर शपथ. मग दंडाला पांढरी पट्टी बांधलेला पंच एकटाच चालत आला. सरावात कोण जगलं, कोण मेलं, हे तो ठरवायचा. दारोदार खडूने फुल्या मारत तो शिंपिणीच्या दाराशी पोचला.

"ही फुली कसली हो?"

"ही गल्ली मृत धरलीय, ताई. तुम्ही आत बसा."

"अहो, पण स्ट्रेचर येणार होतं ना?"

"मृतांना स्ट्रेचर नसतं," पंचाने समजूत घातली, जशी काही चूक तिचीच.

शिंपिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारीला पाठुंगळी घेऊन, धापा टाकत तिने सरावाचं मैदान गाठलं. तिथे काय तो थाट! अंगावरचा गॅस धुवायला म्हणून तंबूत आंघोळ घालून वाचवलेले धडधाकट कारकून टॉवेल गुंडाळून फोटो काढून घेत होते. मोठे साहेब माइकवर सांगत होते, "ज्यांना वाचवणं शक्य होतं, त्या सगळ्यांना आपण वाचवलं." टाळ्यांचा नुसता कडकडाट.

पंच धावत आला. "ताई, तुम्ही मेलेल्या आहात! आकडे बिघडतील, मागे फिरा."

त्याला बाजूला सारून तिने थेट साहेबांना विचारलं, "साहेब, खऱ्या दिवशी तरी कुणी येईल ना आमच्याकडे?"

"निश्चिंत राहा, बाई," साहेब प्रेमाने हसले. "खऱ्या दिवशी सगळं अगदी आजच्यासारखंच होणार."

पुन्हा टाळ्या. शिंपिणीला रडूच कोसळलं. ती तशीच माघारी वळली.

"सूनबाई," म्हातारी तिच्या कानाशी म्हणाली, "त्या दिवशी मला टाक आणि पळ हो तू."

"गप्प बसा, आई." शिंपिणीने तिला पाठीवर जरा वर सरकवलं. "उद्यापासून रोज कोपऱ्यापर्यंत, गाडी येते तिथवर, नेणार आहे तुम्हाला. मानेला नका आवळू, खांदे धरा."