गदेतली दाढ

डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंट खुर्चीत मागे रेलून आ करून बसला, की समोरच्या भिंतीवर त्याला गदा दिसायच्या. प्रशांत महासागरातल्या बेटांवर एके काळी लढाईत वापरल्या जाणाऱ्या लाकडी, कोरीव गदा. एखादी वल्ह्यासारखी चपटी, एखादी टोकाला वाकलेली. डॉक्टर दातांचे होते, गदांचा त्यांना नुसता नाद होता. पण त्या भिंतीकडे एकदा बघून निम्मे पेशंट निमूटपणे इंजेक्शन घ्यायचे, हा फायदा काही कमी नव्हता.

या नादाला एक ग्रह मात्र आडवा आला होता, तो म्हणजे त्यांचा साडू. धाकट्या मेव्हणीचा हा नवरा विमा कंपनीचा सर्व्हेयर. जळालेली गोदामं आणि ठोकलेल्या गाड्या बघून मालकाच्या तोंडावर संशय घ्यायचा, याचा त्याला पगार मिळायचा. खिशात कायम भिंग, म्हणून सगळं घर त्याला भिंगराव म्हणायचं. गदांचा नाद त्यालाही होता आणि दुर्दैवाने त्यातली अक्कलही होती. डॉक्टरांनी हौसेने नवी गदा आणली, की भिंगराव ती तोलायचा, हुंगायचा, मुठीवरून भिंग फिरवायचा आणि गोड आवाजात विचारायचा, "छान आहे. विमानतळावर घेतलीत?"

"अहो, मुठीवरच्या रेघा हाताने झिजायला हव्यात डॉक्टर, कानशीने नाही," हे त्याचं ठरलेलं वाक्य. "आणि लढाईची गदा हातात धरली की ती आपणहून पुढे जायला बघते. तुमची नुसती लोंबतेय."

डॉक्टर चारचौघांत हसण्यावारी न्यायचे आणि घरी येऊन बायकोसमोर धुसफुसायचे.

दोघांचा जीव अडकला होता तो सासऱ्यांच्या गदेत. सासरे मालवाहू बोटीवर इंजिनघरात होते. फिजीत एका म्हाताऱ्या मित्राने त्यांना ती आपल्या हाताने दिली होती. हातभर लांबीची, फेकून मारायची गदा. डोकं झाडाच्या मुळाच्या गाठीचं, मूठ तळहातांनी झिजून गुळगुळीत झालेली. मुलगी बघायला गेलेल्या डॉक्टरांच्या हातात सासऱ्यांनी ती पहिल्याच भेटीत दिली होती. मुलगी डॉक्टरांना आवडलीच, पण गदा जास्त आवडली, असं बायको अजून म्हणते. सासरे गेले आणि गदा सासूबाईंच्या रद्दीच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून बसली.

आता सासूबाई लहान घरात राहायला चालल्या होत्या. त्यांनी दोन्ही जावयांना बोलावून घेतलं.

"एक गदा आणि दोन जावई. करवतीने कापून देऊ का?" त्या म्हणाल्या. "भिंगराव, तुम्ही स्वतःला मोठे जाणकार समजता ना? मग येत्या रविवारी डॉक्टर त्यांच्याकडची एक गदा आणतील. ती खरी की बनावट, ते तुम्ही सांगायचं. बरोबर आलं तर आमच्या ह्यांची गदा तुमची, चुकलात तर डॉक्टरांची. आणि डॉक्टर, खरं काय ते तुम्ही सांगायचं, पुराव्यानिशी. नुसती तोंडची वाफ नको."

पुरावा म्हटल्याबरोबर डॉक्टरांच्या डोक्यात एक नामी कल्पना आली. ते त्याच दिवशी कामाला लागले.

पाहुण्यांच्या खोलीतल्या जुन्या पलंगाचा एक पाय त्यांनी काढला आणि पलंगाखाली विटा सरकवल्या. दवाखाना बंद झाल्यावर दात कोरायच्या मशीनने त्या पायावर नक्षी कोरायला घेतली. इतका गप्प पेशंट त्यांना जन्मात मिळाला नव्हता. मग उकळलेला चहा, मग बूटपॉलिश, मग बातम्या बघताना मूठ तासन् तास तळहाताने घासायची. शेवटी मुख्य कारागिरी. काही जुन्या गदांवर दात जडवलेले असतात, हे दोघांनाही ठाऊक होतं. डॉक्टरांच्या कपाटात उपटलेल्या दातांची बरणी होती. तिच्यातून त्यांनी एक दाढ निवडली, पांढरीशुभ्र, टणक, एका कोपऱ्यावर टवका उडालेली.

ती दाढ भिंगरावाची होती.

स्वतःच्या लग्नात भिंगरावाने शायनिंग मारायला सोड्याची बाटली दातांनी उघडली होती, तेव्हाचा तो टवका. सगळ्या वऱ्हाडाने पाहिला होता. पुढे काही वर्षांनी गाल सुजवून तो दवाखान्यात आला, तेव्हा डॉक्टरांनी ती दाढ काढली. ठणका थांबेना, म्हणून पुढच्या आठवड्यात शेजारचीही काढली. दोन्ही किडल्या होत्या, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं आणि विषय मिटला. आता हाच टवका पुरावा होणार होता. भिंगराव ऐटीत "खरी" म्हणणार आणि आपण म्हणणार, 'अहो, स्वतःची दाढ ओळखली नाहीत?' या विचाराने डॉक्टरांना आठवडाभर एकट्यालाच हसू फुटत होतं.

रविवारी सासूबाईंच्या घरी सगळे जमले. गदा टेबलावर ठेवताच थोरली, म्हणजे डॉक्टरांची बायको, पुढे वाकली. "अहो, हा तर आपल्या—"

डॉक्टरांनी तिच्याकडे असं काही पाहिलं, की तिने पुढचं वाक्य गिळलं.

भिंगरावाने गदा उचलली, तोलली. हुंगली. "वास मस्त आहे. चहा पीत असावेत तिकडे." मुठीवरून अंगठा फिरवला. अंगठा काळा झाला, तो त्याने रुमालाला पुसला. डॉक्टर खुर्चीच्या कडेला सरकले. हा बनावट म्हणाला तर संपलंच!

मग भिंग दाढेवर आलं आणि तिथेच थांबलं. बराच वेळ थांबलं. भिंगरावाची जीभ गालाच्या आत फिरायला लागली. गाल एका ठिकाणी फुगला आणि तसाच राहिला. टवका उडालेली दाढ गदेत होती आणि तिची रिकामी जागा जिभेखाली.

त्याने सावकाश भिंग खाली ठेवलं.

"खरी आहे," तो म्हणाला.

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा. पण भिंगरावाचं संपलं नव्हतं.

"कशावरून ते सांगतो, आई. ही दाढ बघा. ना कीड, ना डाग, ना टाचणीएवढं भोक. ठणठणीत माणसाची ठणठणीत दाढ. अशी दाढ कोण उपटेल? एक तर लढाईतला शत्रू. दुसरा कोण असणार? कुठलाही दाताचा डॉक्टर चांगली दाढ सोडून शेजारची किडकी काढेल, नाही का? आता कुणी म्हणालं, की ही दाढ दवाखान्यातून आली, तर मग त्या डॉक्टरला विचारावं लागेल, की बाबा रे, पेशंट किडक्या दाढेने विव्हळत असताना तू ही का काढलीस? आणि वर दोन्ही किडल्या होत्या म्हणून का सांगितलंस?" त्याने डॉक्टरांकडे अगदी प्रेमाने पाहिलं. "पण तसं कसं होईल? म्हणून म्हणतो, खरी. काय डॉक्टर?"

डॉक्टर अर्धे उठले होते ते तसेच राहिले. इतक्या वर्षांत, बरणीतून दाढ निवडतानासुद्धा, ती इतकी पांढरीशुभ्र का, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. दारावरची पाटी, भिंतीवरच्या पदव्या, समोर बसलेलं सगळं सासर, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. रद्दीवरची ती गदाही गेली.

"बोला की," सासूबाई म्हणाल्या. "बरोबर की चूक?"

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. मग हळूच खाली बसले.

"आणि पुरावा?"

"तो... ते म्हणाले तोच."

धाकटीने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी रद्दीवरची गदा उचलून भिंगरावाच्या हातात दिली. ती त्याच्या हातात गेली आणि खरंच आपणहून पुढे जायला बघू लागली. डॉक्टरांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. घरी जाताना बायकोने एवढंच विचारलं, "आता पाहुणे आले की विटांवर झोपवायचे का?"

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडला, तेव्हा पहिला पेशंट दारात हजर होता. भिंगराव खुर्चीत ऐसपैस बसला आणि सासऱ्यांची गदा त्याने मांडीवर आडवी ठेवली.

"दोन दाढा बसवून घ्यायच्यात," तो म्हणाला. "किडकीचे पैसे मी देतो. दुसरीचे तुमचे तुम्ही बघा."

"बसवतो," डॉक्टर म्हणाले.

"आणि डॉक्टर, काल मी कुणाला काही बोललो नाही. पुढेही नाही बोलणार. घरचंच माणूस आहे." त्याने गदेची मूठ धरली आणि आ केला.

डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. हातातला आरसा तोंडात घालणार, तेवढ्यात त्यांची नजर मांडीवरच्या गदेवर गेली. आणि इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये पहिल्यांदाच त्यांनी पेशंटला नम्रपणे विचारलं, "नक्की कुठली बाजू म्हणालात?"