दोन नावं, एक जागा

वसमत रोडवरच्या टेस्ट ट्यूब बेबी सेंटरमध्ये श्रद्धा पोचली तेव्हा डॉक्टर सुमंगला स्वतः जिन्यात उभ्या होत्या. एरवी त्यांना भेटायला नाव लावून बसावं लागे.

"लाईट गेली, आली, परत गेली, आणि सर्व्हर बसला," चढता चढता त्या सांगू लागल्या. "आज एक ट्रान्सफर आहे, गर्भ पोटात ठेवायचा. पेडगावची पेशंट. इंजेक्शनं देऊन देऊन तयार केलंय तिला. आज झालं नाही तर सगळं पाण्यात."

परभणीतल्या बऱ्याच दवाखान्यांचे कॉम्प्युटर श्रद्धा सांभाळायची. पण हा सर्व्हर जुना, युनिक्सचा, हैदराबादहून सॉफ्टवेअरसकट आणलेला. काळ्या पडद्यावर एकच ओळ होती. मशीन सुरू करणारी बूट डिस्क सापडत नव्हती. तिनं पेटीला कान लावला. आतून टक टक येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं.

"यात नेमकं काय काय आहे?" तिनं विचारलं.

"सगळंच," लॅब सांभाळणारा बालाजी म्हणाला. "टाकीत कुणाचा गर्भ कुठं गोठवून ठेवलाय ते. नळीवर नुसता नंबर असतो मॅडम. तो नंबर कुणाचा, ते हा सर्व्हर सांगतो."

"कागदावर?"

"कागद बंद केले. सगळं कॉम्प्युटरवर."

श्रद्धानं डिस्क बाहेर काढली. आधी तिची नक्कल काढायची, दुरुस्ती नकलेवरच करायची, हे तिनं डॉक्टरांना ठामपणे सांगितलं. मरायला टेकलेल्या डिस्कवर थेट दुरुस्ती केली तर उरलंसुरलंही जातं. नक्कल सावकाश सरकत होती, मधेच अडून बसत होती. ती पाणी प्यायला बाहेर आली.

बाकावर पेडगावची पेशंट शिवकन्या आणि तिचा नवरा भागवत बसले होते. शिवकन्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं.

"ताई, तुमीच मशीन नीट करायलाव का?" तिनं विचारलं. "आमचं बाळ त्याच्यातच हाय म्हनं."

श्रद्धाला हसू आलं. "बाळ टाकीत आहे. टाकीला काही झालेलं नाही."

"मग लय बरं झालं," भागवत म्हणाला आणि बायकोकडं बघून मान हलवली.

दुपार कलली तेव्हा नक्कल पुरी झाली. श्रद्धानं नकलेची डिस्क बसवली, सीडीवरून मशीन चालू केलं आणि तपासणी लावली. ओळींमागून ओळी सरकल्या. मधेच एका ओळीवर ती थांबली. दोन नोंदी डिस्कच्या एकाच तुकड्यावर हक्क सांगत होत्या. अशी नोंद तिनं आधीही पाहिली होती. तिनं दोन्ही वेगळ्या केल्या, बूटचा भाग नव्यानं लिहिला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर लॉगिन आलं. बालाजीनं टाळी वाजवली. शिवकन्याचा नंबर, तिची टाकी, तिची जागा, सगळं दिसत होतं.

"शिवकन्याला तयार ठेवा," डॉक्टरांनी नर्सला सांगितलं.

बालाजीनं हातमोजे चढवले, टाकीचं झाकण काढलं. पांढरी वाफ फरशीवर उतरली. त्यानं नळ्या अडकवलेली दांडी वर ओढली, बघितलं, खाली सोडली, पुन्हा ओढली.

"मॅडम," तो म्हणाला, "जागा रिकामी आहे."

"नीट बघ."

"बघितलं."

श्रद्धाला दोन नोंदींची ती ओळ आठवली. कपाटात गेल्या उन्हाळ्याची बॅकअप टेप होती. तिच्यावरची यादी आणि आजची यादी तिनं शेजारी शेजारी लावली. सगळ्या नावांपुढचे नंबर जुळत होते, एक सोडून. देवगाव फाट्याच्या रुख्मिणीच्या नावापुढं टेपवर एक नंबर होता, आज दुसराच. आजचा नंबर शिवकन्याचा होता, आणि पुढं शेरा होता, 'वापरला'.

"टेपवर रुख्मिणीच्या नंबराची जी जागा आहे, ती बघा," श्रद्धा म्हणाली.

बालाजीनं दुसरी दांडी वर काढली. नळी तिथं होती. रुख्मिणीची नळी, कुणी हातही न लावलेली.

"रुख्मिणीच्या वेळी पडद्यावर जो नंबर होता तोच मी काढला होता," बालाजी म्हणाला. "नळीवरचा नंबर जुळवून घेतला होता मॅडम. जुळला होता."

श्रद्धानं मशीनचे जुने संदेश उघडले. डिस्क पावसाळ्यापासून तक्रार करत होती. कुणी वाचलंच नव्हतं. या मधल्या काळात आणखी कितीजणींना आत घेतलं, ते तिनं विचारलं नाही. बालाजीचा चेहरा पाहून विचारावंसं वाटलं नाही.

डॉक्टरांनी खोलीचं दार लावून घेतलं. "तिला सांगू, गर्भ टिकला नाही. होतं असं कधी कधी. आणि श्रद्धा, ती डिस्क, ती टेप, दोन्ही पुसून टाका."

"मी नाही पुसणार."

"तुम्हाला कळतंय का, काय होईल ते? दोन घरं उद्ध्वस्त होतील."

श्रद्धानं दाराच्या काचेतून बाहेर पाहिलं. बाकावर शिवकन्याशेजारी एक गरोदर बाई येऊन बसली होती, तपासणीची फाईल मांडीवर. शिवकन्या तिला काहीतरी विचारत होती. त्या बाईनं हसून तिचा हात धरला आणि आपल्या पोटावर टेकवला.

"ही कोण?" श्रद्धानं विचारलं.

बालाजी काचेजवळ आला. "रुख्मिणी," एवढंच तो म्हणाला.

डॉक्टरही बघत होत्या. बाहेर शिवकन्याचा हात अजून तिथंच होता. पोटात काहीतरी हललं असावं. दोघी एकदमच हसल्या.

"तुम्ही सांगा मॅडम," श्रद्धा म्हणाली. "तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगेन."

सुमंगलाबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि दार उघडलं.

"शिवकन्या, ये आत. भागवत, तुम्हीही या." त्या जरा थांबल्या. "रुख्मिणी, तूही."

"मी?" रुख्मिणी फाईल सावरत म्हणाली. "माझ्या आधी तर लय जणी हायत."

शिवकन्यानं तिला हात देऊन उठवलं आणि सांभाळून चालवत आत आणलं.