ऑइल जातं कुठे?

मनालीच्या व्हॅनचं ऑइल कमी होतंय हे तिच्या वडिलांच्या, सुदामच्या लक्षात आलं. बुवापाड्यातल्या घरासमोर त्यांनी इंजिनातली ऑइल मोजायची पट्टी उपसली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून काढली.

"दोनच महिने झाले बदलून आणि खालच्या खुणेच्याही खाली गेलंय. तुझा तो मेकॅनिक अल्पेश पुरतं भरतच नाही."

सुदामनी कारखान्यात तीस वर्षं यंत्रांना तेलपाणी केलं होतं. तिथला स्टोअरकीपर जुनं तेल गाळून नव्या पिंपांत भरायचा. त्यांनी ते पाहिलं होतं, पण नोकरीच्या भीतीने तोंड उघडलं नव्हतं. तेव्हापासून कोणत्याही मेकॅनिकवर त्यांचा विश्वास बसत नसे.

मनाली शाळेच्या मुलांची ने-आण करायची. उल्हासनगर कॅम्प चारचा अल्पेश तीन वर्षं तिची गाडी बघत होता. दर पाच हजार किलोमीटरला ऑइल बदला, असं तो सांगायचा. गाडीच्या पुस्तकात मात्र दहा हजार छापलेलं. "त्याचं दुकान चालायला हवं ना, म्हणून पाच," असं सुदाम म्हणाले आणि मनालीला ते पटलं. ती दहा हजारांवर ऑइल बदलायला जाऊ लागली. एकदा तर तेरा हजार झाले.

या वेळी तिने सीलबंद डबा दुसरीकडून घेतला आणि वडिलांना घेऊनच ती अल्पेशकडे गेली. सुदामनी नव्या ऑइलचा थेंब बोटांवर चोळला.

"हे तर पाणी आहे. जाड ऑइल नाही का?"

"काका, या इंजिनला पातळच चालतं. पुस्तकात बघा ना, फाइव्ह डब्ल्यू थर्टी ग्रेड."

मनालीने बघितलं. तेच होतं. पट्टीवर ऑइल वरच्या खुणेला टेकलं, तरी घरी येताना सुदाम म्हणाले, "ऑइल काढायचा खालचा बोल्ट ढिला सोडला असेल."

मनाली गाडीखाली शिरली आणि बोल्टवरून चेंबरपर्यंत नेलपॉलिशची रेघ ओढली. बोल्ट फिरला तर रेघ तुटणार. रोज गाडीखाली पुठ्ठाही टाकला.

महिन्याने रेघ अखंड होती, पुठ्ठा कोरडा होता आणि ऑइल पुन्हा कमी झालं होतं.

ती एकटीच अल्पेशकडे गेली. त्याने गाडी चालू करून रेस दिली. मागून निळसर धूर आला, करपल्यासारखा वास सुटला.

"ताई, ऑइल आतमध्ये जळतंय. इंजिन खोलावं लागेल. टायमावर बदलत होता ना? माझ्याकडे तर आतापर्यंत वर्षातून एकदाच यायचात. मला वाटलं, मधलं दुसरीकडे करता."

हा इंजिनचं मोठं काम काढायला बघतोय, हेच मनालीच्या मनात आलं. तिने गाडी सरळ बदलापूरला नेली. कात्रपच्या दौलतराव मेकॅनिकला अल्पेशचं नावही सांगितलं नाही. त्यांनी ऑइल भरायचं झाकण उघडून तिला आत बघायला लावलं. डांबरासारखा काळा थर बसला होता.

"गाडी कशाला वापरता?"

"शाळेची मुलं."

"म्हणजे दर गेटला थांबून, इंजिन चालू ठेवून. पुस्तकात दहा हजाराच्या खाली बारीक अक्षरांत काय लिहिलंय ते वाचलं का?"

तिने तिथेच वाचलं. थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीचं ऑइल पाच हजारांवर बदलावं.

घरी तिने ते पान वडिलांसमोर धरलं. सुदामनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"दहा हजार मीच म्हणालो होतो."

"मीपण ऐकलंच ना, बाबा."

दुसऱ्या दिवशी ते स्वतः तिच्याबरोबर कॅम्प चारला आले. "तू ऑइल मधल्यामध्ये मारतोस, असं मला वाटत होतं," त्यांनी अल्पेशला सरळ सांगितलं. "चुकलं माझं."

अल्पेश हात पुसत राहिला. "काका, तीन साल झाले गाडी बघतोय," एवढंच बोलला.

इंजिनचं काम त्याने नीट केलं. चार दिवस मुलं रिक्षाने गेली, पाचव्या दिवशी व्हॅन बिनधुराची सुरू झाली. मनाली आता पाच हजारांवर न चुकता जाते. तो आपणहून तिला डब्याचं सील दाखवतो, बोल्ट तिच्यासमोर घट्ट करतो, पट्टी तिच्या हातात देतो. पूर्वी तिने गाडी उभी केली की तो आधी तिच्यासाठी चहा सांगायचा. आता सांगत नाही.