सोनबाची पाटी

"काका, एवढं वाचून सही करा. उद्या छापायला जातंय," म्हणत वर्षालीनं कागद माझ्यापुढे सरकवला.

मोशीजवळची आमची दगडखाण बंद पडून बारा वर्षं झाली. आता खाणीच्या जुन्या ऑफिसात कामगारांच्या पोरांनीच संग्रहालय मांडायला घेतलंय. कुणी बापाचा घण आणून दिला, कुणी आज्याची पहार. वर्षाली चाकणला कंपनीत शिफ्ट करते आणि सुट्टीच्या दिवशी इथं राबते. मी खाणीचा शिट्टीवाला, म्हणजे सुरुंग उडवण्याआधी माणसं बाहेर काढणारा. म्हणून प्रत्येक पाटीवरचा मजकूर मला दाखवून घ्यायचा, असं पोरांनी ठरवलेलं. 'सयाजीकाका, सयाजीकाका' चाललेलं असायचं आणि मीही मेला इस्त्रीची टोपी घालून मिरवत होतो.

कागदावर होतं : 'सोनबा यांचा उजवा हात सुरुंगात गेला. तेव्हा ते दारूच्या नशेत होते.'

सोनबा म्हणजे वर्षालीचा बाप.

"बापाबद्दल असं लिहितीस व्हय गं?"

"पोलिसांच्या कागदात हेच आहे, काका. साक्ष तुमचीच आहे. दुसऱ्यांचं सगळं मांडायचं आणि आपल्या घरचं झाकायचं, हे मला नाही पटत."

पोरगी खरं लिहायला बसली होती आणि लिहीत होती माझं खोटं.

सोनबा त्या दिवशी प्यायलेला नव्हताच. दहा वर्षं ड्रिल मशीन धरून त्याचे कान गेले होते. असे अजून चौघे होते. त्यांना शिट्टी ऐकू येत नसे. म्हणून शिट्टीवाल्यानं खाली उतरून त्यांच्या खांद्याला हात लावायचा, अशी आमच्या खाणीची रीत होती. त्या दुपारी ऊन मी म्हणत होतं. मी उतरलो नाही. वरूनच शिट्टी फुंकली, सगळे निघाले असतील असं धरून चाललो आणि सुरुंगाला बत्ती द्यायला सांगितलं. नंतर नोकरीच्या भीतीनं साक्ष दिली, की प्यायला होता.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर त्यानं मलाच विचारलं होतं, "सयाजी, मला काय बी आठवत न्हाई. मी पिलो हुतो का रं?"

मी होकाराची मान हलवली. त्याला ते पटलं. कारण मी त्याचा दोस्त होतो. पुढं तो खरंच प्यायला लागला आणि चार वर्षांमागं गेला. त्याच्या तिरडीला मी खांदाही दिला. एवढा निर्लज्ज मी.

"वर्षाली, हे खोटं हाय," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. सांगताना दोनदा अडलो. एरवी लगेच पाणी देणारी पोरगी जागची हलली नाही.

तिनं दुसरी ओळ खोडली आणि पेन माझ्या हातात दिलं. "तुमच्या अक्षरात लिहा. नाव पूर्ण."

मी लिहिलं : 'सोनबा प्यायलेले नव्हते. मी, सयाजी लक्ष्मण बोराटे, त्यांना बाहेर काढायला खाली उतरलो नाही आणि नंतर खोटी साक्ष दिली.'

"आता आईला वाचून दाखवा. तिला वाचता येत नाही."

इंदुताई बाहेर ओट्यावर जुन्या छिन्न्यांचा गंज घासत बसल्या होत्या. मी उभ्यानंच वाचलं.

"परत वाचा, भाऊजी."

परत वाचलं.

त्यांचा हात थांबला. "दारूपायी हात घालवला, घर बुडवलं, म्हणून मी त्यांना माझ्या हातानं कधी ताट वाढलं न्हाई. शेवटपतुर. ही पोरगीच वाढायची." छिन्नी खाली ठेवून म्हणाल्या, "त्यांनी कधी इचारलं बी न्हाई, का म्हणून."

त्या मला बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. मी कागद धरून तिथंच उभा राहिलो.